एकशिंगी गेंड्याची फिगर: कातडी एक नंबर, शिंगात मात्र घोळ

निकाल आधीच सांगून टाकतो, पुढचं ज्याला वेळ असेल त्याने वाचा. हा भारतीय एकशिंगी गेंडा, म्हणजे शोकेसमध्ये ठेवायची छोटी प्लास्टिकची प्रतिकृती, घडणीला सॉलिड आहे, रंगाला ठीकठाक आहे आणि शिंगाला चक्क चुकलाय. तरी मी म्हणेन घ्या, कारण एकशिंगी गेंडा म्हणून जे काही विकलं जातं त्यातलं बरंचसं म्हणजे आफ्रिकेतला गेंडा घ्यायचा, एक शिंग कमी करायचं आणि अंगावर चार रेघा मारायच्या, झाला भारतीय. हा तसा नाहीये. ज्याने कोणी याची मूळ मूर्ती घडवलीये त्याने खऱ्या जनावराचे फोटो, तेही पाठीमागून आणि वरून काढलेले, समोर ठेवून काम केलंय हे हातात घेतल्या घेतल्या कळतं.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. श्लाइश, पापो, कलेक्टा, सफारी ही प्राण्यांच्या फिगर्स बनवणाऱ्या कंपन्यांची नावं या नादातल्या लोकांना पाठ असतात आणि प्रत्येकाची लाडकी कंपनी ठरलेली असते, नाव आलं की गेंडा राहतो बाजूला आणि भांडण कंपनीवरून सुरू होतं. आणि तसंही खाली जे लिहिलंय ते कुठल्याही कंपनीचा एकशिंगी गेंडा घेताना तपासता येईल असंच आहे.

आता माल. भरीव पीव्हीसी प्लास्टिक आहे, पोकळ नाही, त्यामुळे हातात वजन लागतं, आणि गेंड्यासारख्या जनावराला वजन पाहिजेच, हलका फुलका गेंडा हातात घेतला की मजाच जाते. नाकापासून ढुंगणापर्यंत साधारण १६ सेंमी, खांद्यापाशी उंची ८ सेंमी. खरा नर खांद्यापाशी १७० ते १८६ सेंमी भरतो आणि डोकं धरून अंगाची लांबी पावणेचार मीटरच्या आसपास, म्हणजे हिशोब केला तर स्केल (खऱ्या जनावरापेक्षा फिगर किती पट लहान ते) १:२२, १:२३ च्या मधे कुठेतरी येतं, आणि विशेष म्हणजे लांबीने काढा की उंचीने, उत्तर जवळपास तेच येतं. हे किती दुर्मिळ आहे ते कलेक्टर लोकांना विचारा. बऱ्याच फिगर्समध्ये अंग एका स्केलचं, डोकं दुसऱ्या, आणि पाय तर कुठलेच नाहीत. मात्र हा गेंडा त्याच सिरीजच्या हत्तीशेजारी ठेवू नका, कारण पावणेतीन मीटरचा आशियाई हत्ती या स्केलला १२ सेंमीच्या वर जायला पाहिजे आणि तो हत्ती जेमतेम १० चा आहे, दोघं शेजारी ठेवले की हत्ती वयात न आलेला वाटतो. हा प्रॉब्लेम बहुतेक सगळ्यांकडे असतो, मोठं जनावर पॅकिंगमध्ये बसावं म्हणून आवळतात आणि छोटं जनावर नजरेत भरावं म्हणून फुगवतात.

खरा माल आहे तो कातडीत. एकशिंगी गेंड्याच्या अंगावर त्या ज्या जाड घड्या असतात त्या कुठेही टाकून चालत नाहीत, त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. खांद्याच्या मागे एक घडी पाठीवरून आरपार जाते, मागच्या पायांच्या पुढे दुसरी तशीच आरपार, पण खांद्याच्या पुढची जी घडी आहे ती मानेवरून पलीकडे जात नाही, वर जाता जाता मधेच विरते. जावातल्या गेंड्याची मात्र ती घडी पाठीवरून पलीकडे जाते आणि मानेमागे खोगीर घातल्यासारखा आकार दिसतो. तोही एकशिंगीच, म्हणून घोळ होतो. आता जावाचा गेंडा जगात फक्त उजुंग कुलोनच्या जंगलात उरलाय, शंभरहून कमी, त्यामुळे मूर्तिकारांनी त्याचे फोटो बघून भारतीय गेंडा घडवला असेल असं काही वाटत नाही, नुसत्या अंदाजाने घडी पूर्ण फिरवून टाकतात इतकंच. या फिगरमध्ये ती घडी बरोबर जागी थांबते. मी पहिल्यांदा तेच बघितलं, आणि तिथेच अर्धे मार्क देऊन टाकले.

दुसरी गोष्ट म्हणजे अंगावरच्या गाठी. खांदे, मांड्या आणि ढुंगणावर कातडीवर बारीक बारीक उंचवटे असतात, लोखंडी पत्र्यावर रिव्हेट मारावेत तसे. स्वस्तातल्या फिगर्समध्ये हे उंचवटे छापा मारल्यासारखे एका मापाचे, एका ओळीत, पोटावर पण आणि मानेवर पण. इथे मांडीवर ठसठशीत आहेत, बरगड्यांकडे येता येता बारीक होत जातात आणि मानेच्या घड्यांवर जवळजवळ नाहीतच, नुसत्या सुरकुत्या. बोट फिरवलं तरी फरक जाणवतो. डोळे मिटून हाताने बघायची फिगर आहे ही, खरंच सांगतो.

यावरून आठवलं, गेंडा म्हणजे चिलखत घातलेलं जनावर ही जी समजूत सगळ्या जगाच्या डोक्यात बसलीये तिचा मोठा वाटा एका चित्राकडे जातो आणि त्या चित्राचा संबंध आपल्याकडच्याच गेंड्याशी आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फर शाह दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला, तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला पोचला. युरोपात त्याआधी रोमन काळानंतर कोणी जिवंत गेंडा बघितलेला नव्हता, त्यामुळे नुसती झुंबड. जर्मनीत बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने तो गेंडा स्वतः बघितलाच नाही, कोणीतरी पाठवलेलं वर्णन आणि एक स्केच यावरून त्याने लाकडावर कोरून चित्र छापलं. त्यात घड्यांच्या जागी चक्क पत्रे आलेत, पायांवर खवले आलेत आणि मानेमागे एक जास्तीचं पिटुकलं शिंग पण आलंय. बिचारा गेंडा पुढच्याच वर्षी पोपकडे भेट म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला, चित्र मात्र पुढची दोन-अडीच शतकं युरोपभर खरा गेंडा म्हणून फिरत राहिलं. आज पाचशे वर्षांनीही काही खेळण्यांमध्ये घडीच्या कडा पत्र्यासारख्या धारदार आणि सरळ असतात ना, त्यात मला तो ड्यूररच दिसतो. खरी घडी म्हणजे जाड, मऊ, आत वळलेली कातडी, वयात आलेल्या नराच्या गळ्याखाली तर ती अक्षरशः लोंबते. या फिगरमध्ये कडा गोल आहेत आणि गळ्याखालच्या घड्या भरपूर खोल, म्हणजे हा मोठा नर समजायचा. नर आहे म्हणताना पोटाखाली मात्र काहीही नाही, तिथे नुसता कंपनीचा शिक्का, साल आणि सीई मार्क (युरोपच्या सुरक्षा नियमांत बसतो असं सांगणारी खूण). खेळणं म्हणून लाजले असतील.

आता तोंड. वरचा ओठ बघा, हा महत्त्वाचा आहे. भारतीय गेंड्याचा वरचा ओठ मधे टोकाला आलेला आणि पकड घेणारा असतो, त्याने तो उंच गवत ओढतो. आफ्रिकेतल्या पांढऱ्या गेंड्याचं तोंड रुंद, चौकोनी, जमिनीलगतचं गवत साफ करायला. छाटलेल्या शिंगाचा डुप्लिकेट ओळखायचा असेल तर आधी ओठ बघायचा, मग खांद्यांवर मानेच्या मागे उंचवटा आहे का ते बघायचं, पांढऱ्याला तो असतो, आपल्या गेंड्याला नसतो. इथे ओठ बरोबर, उंचवटा नाही, पास. कान नळीसारखे आणि कडेला केसांची झालर कोरलेली आहे, हे एवढं बारीक काम या साइझला अपेक्षित नव्हतं. डोळा लहान आणि बाजूला, जागा एकदम बरोबर, पण रंगवताना त्याच्याभोवती पांढरी कड दिलीये. का? गेंड्याच्या डोळ्याचं पांढरं असं सहज दिसत नाही, काळपट तपकिरी डोळा आणि भोवती सुरकुत्या एवढंच दिसतं. त्या एका पांढऱ्या रेघेने एवढा गंभीर प्राणी दचकल्यासारखा दिसायला लागलाय. ब्राऊन अॅक्रिलिकचा एक ठिपका आणि काम झालं, पण ते काम मी का करायचं हा प्रश्न उरतोच.

आणि शिंग. फिगरच्या शिंगाची उंची जवळपास २ सेंमी, म्हणजे १:२२ ने गुणलं तर ४४ सेंमी. खऱ्या एकशिंग्याचं शिंग सरासरी २५ सेंमीच्या आसपास असतं, त्याहून मोठी असतात, नाही असं नाही, पण ती अपवाद. जंगलातल्या कितीतरी गेंड्यांची शिंगं झिजून नुसता बुंधा राहिलेला असतो. म्हणजे इथे साधारण सव्वा सेंमी पुरलं असतं. पण आफ्रिकेतला लांब शिंगाचा गेंडा बघून बघून लोकांच्या डोळ्यांना सवय झालीये, आखूड शिंगाचा गेंडा कोणी घेणार नाही अशी भीती असणार. लांबीचं एकवेळ सोडून देऊ, रंगाचं काय? शिंग क्रीम कलरचं रंगवलंय, हस्तिदंतासारखं! गेंड्याचं शिंग म्हणजे हाड नाही आणि दात पण नाही, ते केराटिन, आपल्या नखात असतं तेच, आणि एकशिंग्याचं शिंग काळपट करडं असतं. हस्तिदंती रंगाचं शिंग बघितलं की माझं डोकं फिरतं कारण वाइल्डलाइफवाल्यांसाठी म्हणून विकायचं आणि ज्या अवयवापायी हा प्राणी शतकभर मारला गेला तोच अवयव धड रंगवायचा नाही, हे काही बरोबर नाही. टोक बोथट आणि जाड आहे त्याबद्दल मात्र तक्रार नाही, खेळण्याच्या नियमात अणकुचीदार टोक चालत नाही, कान आणि शेपूट जाड असण्याचं कारणही तेच.

पाय उलटे करून बघा. प्रत्येक पायाला तीन बोटं, तीन नखं, मधलं मोठं. इथे बरोबर तीन आहेत आणि तळव्याची गादी पण कोरलीये. चार किंवा पाच नखं दिसली तर समजायचं की हत्तीचे पाय उचलून लावलेत, आणि असे गेंडे आहेत बरं का. शेपटीचं काम पण आवडलं, एकशिंग्याची शेपूट मागच्या दोन घड्यांच्या मधल्या खोबणीत चपखल बसते आणि इथे ती तशीच बसवलीये, टोकाला केसांचा झुपका. पोज साधी, चालता चालता डोकं जरा खाली. अंगावर धावून येणारा, तोंड वासलेला गेंडा मला शोकेसमध्ये नको असतो. खरं तर तोंड उघडं दाखवलं असतं तर खालचे सुळ्यासारखे दात दाखवायची सोय होती, एकशिंगे भांडताना शिंगापेक्षा ते दात जास्त वापरतात, पण असे दात कोरलेली फिगर क्वचितच दिसते, बहुतेक उघड्या तोंडात नुसती लाल जीभ असते. त्यापेक्षा बंद तोंड बरं.

रंगाबद्दल. बेस करडा, त्यावर तपकिरी झाक, आणि मग सगळ्या घड्यांमध्ये काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, ओतलाय. लांबून बघितलं तर घड्या उठून दिसतात, जवळून बघितलं तर पेनाने गिरवल्यासारखं वाटतं. खऱ्या गेंड्याच्या घडीच्या आतली कातडी गुलाबीसर असते, उलट आत उजळ आणि बाहेर चिखलाने गडद. एवढी छान घडण करून वर हा काळा रंग म्हणजे मूर्तिकार आणि रंगारी एकमेकांना कधी भेटलेच नाहीत की काय असं वाटतं. शिवाय हे रंगकाम बऱ्यापैकी हाताने होतं त्यामुळे एक पीस दुसऱ्यासारखा नसतो, कोणाचं नख रंगवायचं राहिलेलं, कोणाच्या कानावर शिंगाचा रंग सांडलेला. फिनिश मॅट आहे हे चांगलं. चकाकणारा गेंडा फक्त चिखलातून नुकताच बाहेर आलेला असेल तरच चालतो. पोटाखाली साच्याचा जोड दिसतो, पाठीवर आणि तोंडावर नाही, म्हणजे लपवायला घेतलेले कष्ट दिसतात.

ज्यांना रिपेंट करायचाय त्यांच्यासाठी, आधी कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवा, तेलकटपणा गेला पाहिजे, मग पातळ अॅक्रिलिकचे थर. घडीच्या आत मळकट गुलाबी, वर ड्राय ब्रशने (जवळजवळ कोरड्या ब्रशने, फक्त उंचवट्यांवर) फिकट करडा, शिंगाला काळपट करडा आणि बुंध्याशी जरा फिकट. शेवटी मॅट वार्निश, पण पाण्यावर आधारित. मऊ पीव्हीसीवर सॉल्व्हंटवाला स्प्रे मारला तर तो कधीकधी वाळतच नाही, चिकट राहतो, कारण प्लास्टिक मऊ ठेवणारं जे रसायन आत असतं त्याच्याशी त्याचं जमत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा, रंगाबरोबर वरच्या बारीक गाठी पण मऊ होऊन जातील.

माझ्याकडे आलेल्या पीसमध्ये मागचा डावा पाय आत वळलेला होता, सपाट पृष्ठभागावर ठेवला की तीनच पायांवर उभा. पॅकिंगमध्ये दाबून राहिलं की पीव्हीसीचं असं होतं, घाबरायचं कारण नाही. गरम पाण्यात, उकळतं नको, पाय थोडा वेळ बुडवायचा, मऊ झाला की हवा तसा वळवायचा आणि तसाच धरून थंड पाण्यात घालायचा. सरळ झाला आणि राहिलाय. पण उन्हाळ्यात बंद कपाटात किंवा गाडीच्या काचेमागे ठेवलात तर स्वतःच्या वजनाने परत वाकणार, भरीव फिगरचा हा तोटाच आहे. थेट ऊन पण नको, रंग उडतो. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, मऊ पीव्हीसीची फिगर दुसऱ्या प्लास्टिकला, विशेषतः थर्माकोल किंवा कडक पारदर्शक डब्याला, महिनोन्महिने चिकटून ठेवायची नाही. ते मऊ करणारं रसायन हळूहळू पलीकडे उतरतं आणि दोन्ही पृष्ठभाग खराब होतात. मधे साधा कागद घाला.

मुलांसाठी घ्यायचा का, तर हो, तीन वर्षांवरच्या. तोंडात घालायच्या वयाच्या पोरांना नको. युरोपच्या नियमाप्रमाणे खेळण्यात प्लास्टिक मऊ करणाऱ्या डीईएचपीसारख्या थॅलेट रसायनांचं प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही, म्हणून नावाजलेल्या कंपनीचा माल आणि शिक्का बघून घ्यायचा. पाकीट फोडल्यावर उग्र वास येणारा, हाताला तेलकट लागणारा बिननावाचा गेंडा कितीही स्वस्त असला तरी पोरांच्या हातात देऊ नये. मुलं याच्याशी खेळतील तेव्हा शिंगाचं टोक आणि घड्यांच्या कडा इथला रंग आधी जाणार, त्याला इलाज नाही.

सोबत जो टॅग येतो त्यावर मात्र हसावं की रडावं. त्यावर लिहिलंय हा प्राणी नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत तो २००८ पासून ‘असुरक्षित’ गटात आहे, त्याआधी ‘धोक्यात’ होता, म्हणजे परिस्थिती सुधारलीये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोनशेच्या आसपास उरले होते असं धरतात, आणि आज भारत आणि नेपाळ मिळून चार हजारांच्या वर आहेत, एकट्या काझीरंगात २०२२ च्या मोजणीत २६१३ निघाले. वन्यजीव संवर्धनातल्या मोजक्या चांगल्या बातम्यांपैकी ही एक आणि टॅगवर तिचा पत्ता नाही, कारण काय, तर दुःखी टॅग जास्त खपतो. शिकार थांबली असं कोणी म्हणत नाहीये, पण जे जमलंय ते तरी सांगा की!

फोटो काढणाऱ्यांसाठी ही फिगर मस्त आहे. मोबाईल गेंड्याच्या डोळ्याच्या लेव्हलला आणायचा, जवळ जाऊन काढू नका, जरा लांबून झूम करा, नाहीतर डोकं भलतंच मोठं आणि मागचं अंग गायब होतं. प्रकाश बाजूने, सकाळचा किंवा संध्याकाळचा, म्हणजे मांडीवरच्या गाठी सावलीने उठून दिसतात आणि तो काळा वॉश पण खपून जातो. गवत मात्र उंच घ्या, हा उंच गवतातला प्राणी आहे, आखूड लॉनवर ठेवला की लगेच खेळणं दिसतो.

ज्यांच्या शेल्फवर सिंह, जिराफ, झेब्रा अशी सगळी आफ्रिकाच भरलीये त्यांनी तर जरूर घ्यावा. ज्यांना पेटीतून काढल्या काढल्या परफेक्ट पाहिजे आणि ब्रश हातात धरायचा नाहीये त्यांनी थोडं थांबून दुसऱ्या कंपन्यांचे गेंडे पण बघावेत, घडण याच्याइतकी मिळणं अवघड आहे पण रंग यापेक्षा बरा नक्की मिळेल. ऑनलाइन मागवत असाल तर कंपनीच्या वेबसाइटवरचा फोटो बघून भुलू नका, तो निवडून काढलेला पीस असतो. विकणाऱ्याकडून प्रत्यक्ष पीसचे फोटो मागवा, दोन्ही बाजूंनी, एक वरून म्हणजे खांद्यापुढची घडी कुठे थांबते ते दिसेल, आणि एक पायांचा. पाय वाकडा असला तर घरी सरळ होतो, पण डोळ्याचा रंग गालावर ओघळलेला असला तर तो पीस परत पाठवा.